वाट आणि वीट

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या एका घरी सकाळी कामाला येणारी बाई बऱ्याचदा मोबाइल कानाला लावूनच फाटक उघडते आणि पलीकडच्याला सांगते, "थोरकन अगोर." जरा थांब. छत्तीसगढीत वाट पाहण्याला अगोरा म्हणतात. पूर्वेकडच्या हिंदी बोलींत हाच शब्द पिकाची राखण करण्यालाही चालतो. पीक उभं आहे, कापणीला अवकाश आहे, तोवर बांधावर बसायचं, पाखरं हाकलायची, डोळा लागू द्यायचा नाही. मराठीत वाट पाहणं वेगळं आणि राखण करणं वेगळं. धानाच्या मुलखात दोन्ही एका शब्दात नांदतात.

त्याच घराच्या वरच्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत, घरची मुलगी कित्येक वर्षं असाच अगोरा करत होती. शेतावर नाही, लॅपटॉपच्या काळ्या खिडकीसमोर. फाइल जतन करायची, आदेश द्यायचा आणि टक्के सरकताना बघत बसायचं. दहा टक्के, चाळीस टक्के, साठाच्या पुढे कुठेतरी लांबलचक मुक्काम, मग नव्वद, मग पुन्हा मुक्काम. शेवटी ब्राउझर ताजा व्हायचा आणि कळायचं की एका नावातलं अक्षर चुकलंय. अक्षर दुरुस्त करायचं. पुन्हा आदेश, पुन्हा दहा टक्के. खाली जाऊन चहाचं पाणी चढवावं तर ते उकळायच्या आत काम होईल की नंतर, याचा अंदाज तिला इतका अचूक आला होता की आई तिच्या पावलांवरून ओळखायची, आज मोठं काम आहे की किरकोळ.

ती प्रोग्रामर आहे. जी. ई. रोडवरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकली. १९५६ साली सुरू झालेलं हे कॉलेज २००५ मध्ये एनआयटी झालं. मग पुणे, हिंजवडी, कंपनीची बस, भाड्याचा फ्लॅट. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद होण्याच्या सुमारास ती घरी आली आणि परत गेलीच नाही. मराठी माणसाला रायपूर परकं वाटत नाही. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरच्या गादीवर आले आणि पुढे नागपूरकडून छत्तीसगढात मराठी कुटुंबं येत राहिली, इथली होत राहिली. चौबे कॉलोनीतच महाराष्ट्र मंडळाची इमारत आहे. कॉलोनीतली मुलं आपसांत हिंदी बोलतात आणि गणपतीत आरत्या मात्र तोंडपाठ म्हणतात. तिचंही तसंच. घरात मराठी, कामात हिंदी, मिलच्या फाटकावर छत्तीसगढी आणि लॅपटॉपमध्ये जावास्क्रिप्ट.

काम राइस मिलचं. रायपूरच्या आसपास मिल पुष्कळ. हंगाम लागला की खरेदीकेंद्रांवरून धानाचे ट्रक यायला लागतात, धर्मकांट्यावर, ट्रक तोलायच्या काट्यावर, चढतात, कट्टे (पोती) मोजले जातात, नमी म्हणजे ओलावा बघितला जातो, बारदान्याचा हिशेब होतो, परची निघते. हा सगळा व्यवहार तिने ईआरपीनेक्स्ट नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर बसवला आहे. ते सॉफ्टवेअर मुंबईचं. रुषभ मेहता यांनी सुरू केलेल्या, आज फ्रॅपे या नावाने चालणाऱ्या कंपनीचं. त्याचा कोड कुणालाही बघता येतो, बदलता येतो, आपल्या धंद्याला हवा तसा वाढवता येतो. तिने मिलसाठी वाढवला. धर्मकांट्यावरच्या मुलासाठी एक वेगळा, मोठ्या अक्षरांचा पडदा तिने २०१९ सालीच, पुण्यात असताना, व्ह्यू हे जावास्क्रिप्टचं साधन वापरून लिहिला होता. मिल ओळखीतल्याची, काम रविवारचं. पुढे तेच तिचं पोट झालं.

टक्के सरकत जाणाऱ्या त्या कामाला बिल्ड म्हणतात. बिल्ड म्हणजे नेमकं काय, हे घरात समजावून सांगायला तिला बरेच दिवस लागले. ते समजण्यासाठी जरा मागे जावं लागतं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात, नेटस्केपमध्ये, दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला अवतार उभा केला. वेबपानावर थोडी हालचाल व्हावी, एखादा अर्ज चुकीचा भरला तर तिथल्या तिथे सांगता यावं, एवढीच अपेक्षा होती. या भाषेत एका फाइलीने दुसऱ्या फाइलीला हाक मारण्याची सोयच नव्हती. ती सोय भाषेच्या नियमांत यायला २०१५ साल उजाडलं. मधल्या वीस वर्षांत मात्र याच भाषेत बँका चालू लागल्या, नकाशे हलू लागले, ऑफिसं भरू लागली. कोड शेकडो फाइलींत पसरला आणि ब्राउझरला तर एक सलग गठ्ठा हवा होता. मग गठ्ठा बांधणारी हत्यारं आली. रायन डाल यांचं नोड २००९ साली आलं आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरच्या बाहेर, थेट संगणकावर चालू लागली. त्यामुळे ही हत्यारंही जावास्क्रिप्टमध्येच लिहिणं सोपं झालं. जर्मनीतल्या टोबियास कॉपर्स यांचं वेबपॅक २०१२ पासूनचं. पुढे बरीच वर्षं जगातल्या कित्येक मोठ्या वेब अॅप्लिकेशनांचा गठ्ठा त्यानेच बांधला.

नुसता गठ्ठा बांधून भागत नव्हतं, भाषांतरही लागत होतं. भाषा नवी होत चालली होती आणि लोकांच्या घरातले ब्राउझर जुनेच होते. २०१४ मध्ये सेबास्टियन मॅकेन्झी यांनी नव्या जावास्क्रिप्टचं जुनीत रूपांतर करणारं हत्यार लिहिलं, ते पुढच्या वर्षी बेबेल या नावाने ओळखलं जाऊ लागलं. रायपूरकराला ही गोष्ट समजावताना माधवराव सप्रे आठवावेत. टिळकांचं 'गीतारहस्य' १९१५ साली मराठीत आलं आणि ते हिंदीत नेलं सप्रे यांनी. 'दासबोध'ही त्यांनीच हिंदीत आणला. मूळ ग्रंथ तसाच राहिला, वाचणारा बदलला. बेबेल हेच करतं, फक्त दर वेळी, प्रत्येक फाइलीसाठी, फाइल जतन केल्या केल्या. सप्रे यांनी एकदा केलेलं भाषांतर शंभर वर्षं पुरलं. बेबेलचं भाषांतर पुढच्या बदलापर्यंत पुरतं.

एवढं सगळं काम होत असताना थांबावं लागलं, तर त्यात तक्रार करण्यासारखं काय? तीही बरीच वर्षं असंच म्हणायची. चहाचं निमित्त होतं, गच्चीवरची हवा होती, आजीबरोबर वाटाणे सोलता यायचे. पण त्या थांबण्याला विसावा म्हणता येत नाही. हात वाटाण्यात असायचे, डोकं वरच्या खोलीत अडकलेलं असायचं. आजी काही सांगत असायची आणि हिचं निम्मं ऐकून झालेलं असायचं. वर जाऊन बसल्यावर आपण काय तपासत होतो तेच आठवायला वेळ जायचा. वाट पाहण्याचे क्षण मोजता येतात. तुटलेला धागा पुन्हा सापडेपर्यंत जाणारा वेळ कुणी मोजत नाही, आणि तोच जास्त असतो.

खरं नुकसान मात्र आणखी पुढे होतं. मिलच्या मुनीमजींनी तिला एक यादी दिलेली होती. वहीच्या पानावर, निळ्या शाईने. तौलाच्या रकान्यातलं अक्षर मोठं करा. कट्ट्यांची संख्या टाकून एंटर दाबलं की पुढच्या रकान्यात जाऊ द्या, माउसला हात लावायला लावू नका. नमी १७ च्या वर गेली की आकडा लाल दिसावा, कारण धानखरेदीत १७ टक्के ही मर्यादा आणि घाईत नजर चुकते. गाडीनंबर लिहिताना मधली जागा राहिली तरी चालवून घ्या. यातली एकही गोष्ट अवघड नव्हती. पण प्रत्येकीसाठी तीन-चार वेळा करून बघावं लागणार होतं, म्हणजे तीन-चार चहा. म्हणून ती यादी ड्रॉवरमध्ये दोन हंगाम पडून राहिली. मोठी कामं होत गेली, कारण मोठ्या कामासाठी माणूस कंबर कसतो. छोटी कामं राहून गेली. तिच्या खोलीतला अगोरा असा जिना उतरून, कॉलोनी ओलांडून, मिलच्या फाटकापर्यंत पोचला होता. धर्मकांट्यावरचा मुलगा दिवसाकाठी शंभर वेळा माउसकडे हात नेत होता आणि त्याचं कारण चौबे कॉलोनीतल्या एका लॅपटॉपमध्ये होतं.

बदल आधी मुंबईकडून आला. फ्रॅपेच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी कुठल्या फाइलींचा मिळून कुठला गठ्ठा करायचा, हे 'बिल्ड डॉट जेसन' नावाच्या एका यादीत लिहून द्यावं लागायचं आणि गठ्ठा बांधायचं काम रोलअप नावाचं हत्यार करायचं. २०२२ साली चौदावी आवृत्ती आली तिच्यात ही व्यवस्था बदलली. आता गठ्ठा बांधणार एसबिल्ड. यादी लिहायची गरज संपली. फाइलीच्या नावातच शेवटी 'बंडल' असं लिहिलं की ती आपोआप उचलली जाते. आणि तयार गठ्ठ्याच्या नावात, आतल्या मजकुरावरून काढलेली अक्षरांची एक खूण घातली जाते. मजकूर बदलला की खूण बदलते, म्हणून ब्राउझरला जुनी प्रत ताजी समजून दाखवता येत नाही.

या शेवटच्या गोष्टीचं मोल मिलमध्ये कळलं. तोवर तिने जोडलेल्या फाइलीचं नाव कायम एकच असायचं. काही सुधारलं की तासाभरात फोन ठरलेला: "मॅडम, यहाँ तो पुराना ही दिख रहा है." मग कंट्रोल, शिफ्ट आणि आर ही तीन बटणं एकदम कशी दाबायची ते फोनवरून सांगायचं, तेही चार संगणकांवर. चौदाव्या आवृत्तीवर गेल्यानंतर हा फोन थांबला. मुनीमजींना वाटलं मॅडमनी नेटवाल्याला सांगून लाइन सुधारली. तिनेही ते खोडून काढलं नाही, त्यांना त्याचा आनंद झाला होता.

एसबिल्डचे कर्ते एव्हन वॉलेस. फिग्मा या चित्ररचनेच्या अॅप्लिकेशनाचे ते सहसंस्थापक. ब्राउझरमध्ये एवढं जड काम वेगाने करून दाखवलेल्या माणसाला गठ्ठा बांधायला लागणारा वेळ खटकणारच. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी एसबिल्ड लोकांपुढे ठेवलं. त्याच्या संकेतस्थळावर एक चाचणी दिलेली आहे. थ्री डॉट जेएस या मोठ्या लायब्ररीच्या दहा प्रती एकत्र बांधायला वेबपॅकच्या पाचव्या आवृत्तीला ४१.२१ सेकंद, एसबिल्डला ०.३९. शंभरपट. पहिल्यांदा हे आकडे पाहिले तेव्हा तिला दशांशचिन्ह चुकलं असं वाटलं.

यात जादू काही नाही, आणि जादू नाही हेच तिला जास्त आवडलं. जुनी हत्यारं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली. म्हणजे आदेश दिला की नोड आधी त्या हत्याराचाच कोड वाचत बसणार, समजून घेणार आणि मग कुठे तुमच्या कोडकडे वळणार. रोज सकाळी सुताराने आधी करवतीला धार लावावी आणि मग लाकडाला हात घालावा तसं. एसबिल्ड गो भाषेत लिहिलेलं आहे, ते आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवलेलं असतं; धार लावून आलेली करवत. दुसरं, आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही चार-आठ कोअर असतात आणि जावास्क्रिप्टमधली हत्यारं बहुतेक काम एकाच कोअरवर करत होती. बाकीचे हात बांधून उभे. एसबिल्ड सगळ्यांना कामाला लावतं. तिसरं, कोडचं झाड एकदा मनात उभं केलं की त्याच्यावरून कमीत कमी फेऱ्या मारायच्या. पूर्वी वाचायला एक फेरी, भाषांतराला दुसरी, आटोपशीर करायला तिसरी आणि दर वेळी झाड मोडून पुन्हा उभारायचं, असं चालायचं. धर्मकांट्यावर प्रत्येक कट्टा वेगळा तोलणं आणि भरला ट्रक एकदाच चढवणं, यांत जो फरक तोच.

धर्मकांट्याचा पडदा मात्र फ्रॅपेच्या या व्यवस्थेत नव्हता. तो वेगळा, व्ह्यू सीएलआयवर उभा, म्हणजे आतून वेबपॅकच, चौथ्या आवृत्तीचं. तिने लॅपटॉप बदलला आणि नव्या लॅपटॉपवर नोडची नवी आवृत्ती घातली, तेव्हा त्याने बांधायलाच नकार दिला. सतराव्या आवृत्तीपासून नोडच्या पोटात ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आहे आणि तिने एमडी-फोर ही जुनाट खूणपद्धत बाजूला काढून ठेवली. वेबपॅक चौथं नेमकं तीच वापरत होतं. यावर एक तोडगा सगळ्या जगाने वापरला: एक ओळ लिहून नोडला सांगायचं की जुनं चालू दे. तिनेही ती ओळ लिहिली. रोज ती ओळ दिसायची. दार नीट लागत नाही म्हणून खाली घडी घालून सरकवलेल्या कागदासारखी. २०२३ च्या पावसाळ्यात, धानाची आवक थंडावलेली असताना, तिने कागद काढून दारच बदलायचं ठरवलं.

नवं दार व्ह्यूचेच कर्ते एव्हन यू यांचं. एप्रिल २०२० मध्ये त्यांनी नवं हत्यार दाखवलं आणि त्याला फ्रेंच भाषेतलं 'जलद' या अर्थाचं नाव दिलं. लिहिताना ते इंग्रजी वाचणाऱ्याला 'व्हाइट'सारखं दिसतं, पण फ्रेंच उच्चार सरळ आहे: वीट.

नात फोनवर कुणाशी बोलताना आजीने ते नाव ऐकलं. "कसली गं वीट? वरती बांधकाम काढतेस काय?"

नातीने सांगितलं, काढतेच आहे एका अर्थी. आणि मग नाव, अर्थ, फ्रेंच वगैरे सगळं समजावलं. आजीला जलद हा अर्थ काही पटला नाही. वीट म्हटली की तिच्या डोळ्यांपुढे पुंडलिक. दारात देव आलाय, हा आई-बापांचे पाय चेपतोय, हातचं काम सोडवत नाही म्हणून वीट फेकतो आणि म्हणतो, हिच्यावर थांब. "तुमच्या विटेवर थांबायचं नाही म्हणतेस," आजी म्हणाली, "आणि आमची तर थांबायलाच दिलेली." नंतर जरा वेळाने वाटाण्याची टोपली पुढे ओढत म्हणाली, "पण तो उगाच नाही थांबवला. आत सेवा चालली होती."

नातीच्या मनात ते वाक्य राहिलं. देव थांबला कारण आत कुणाची तरी सेवा चालली होती. इथे मुनीमजी दोन हंगाम थांबले होते आणि आत नुसते टक्के सरकत होते.

वीटची मूळ कल्पना इतकी सरळ आहे की ती आधी कुणी का केली नाही असा प्रश्न पडतो. उत्तर असं की आधी ती शक्यच नव्हती. जुनी रीत अशी: घरात चौघं आहेत, भूक एकालाच लागली आहे, तरी चौघांचे डबे भरायचे, झाकणं लावायची आणि मगच त्या एकाला त्याचा डबा उघडू द्यायचा. वीट काम चालू असताना गठ्ठा बांधतच नाही. ब्राउझर ज्या पानावर बसला आहे त्याला लागेल तेवढीच फाइल, मागितली की, तव्यावरून थेट ताटात. हे जमण्यासाठी ब्राउझरला स्वतः फाइली मागता यायला हव्या होत्या. भाषेच्या नियमांत २०१५ साली आलेली ती सोय क्रोममध्ये २०१७ च्या ६१ व्या आवृत्तीत आली आणि फायरफॉक्समध्ये २०१८ च्या ६० व्या. दोन वर्षांत वीट आली. बाहेरून आणलेल्या लायब्ऱ्या, ज्या रोज बदलत नाहीत, त्या एसबिल्डकडून एकदाच बांधून ठेवायच्या; आणि शेवटी गिऱ्हाइकाला द्यायचा गठ्ठा तेव्हाच्या वीटमध्ये रोलअप बांधायचं.

बदलायला किती दिवस लागले, असं कुणी विचारलं तर ती सांगते, हत्यार बदलायला एक सकाळ आणि आपल्याच जुन्या सवयी शोधायला तीन आठवडे. मुख्य एचटीएमएल फाइल 'पब्लिक' फोल्डरमधून उचलून बाहेर, मुळाशी आणायची. गुपितं आणि पत्ते ज्या नावांनी ठेवले होते त्यांची पूर्वपदं बदलायची. फाइलीच्या नावापुढे 'डॉट व्ह्यू' लिहायचा कंटाळा केला होता तिथे तिथे ते लिहायचं. एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकदम ओढून घेण्याची वेबपॅकची खास युक्ती वापरली होती, तिच्या जागी वीटची युक्ती. दुर्गहून येणारा एक शिकाऊ मुलगा तिच्यासोबत होता. तो एकेक ओळ दाखवून विचारायचा, "दीदी, ये क्यों है?" निम्म्या वेळा तिच्याकडे उत्तर नसायचं. जुन्या मांडणीच्या फाइलीत एक ओळ अशी होती की तिच्याबरोबर काही टीप नाही, स्पष्टीकरण नाही. पण काढली की छपाई बिघडायची. ती कुठल्यातरी रात्री, पुण्याच्या फ्लॅटमध्ये, मिलमधून आलेल्या घाबऱ्या फोननंतर लिहिलेली असणार. कोड राहिला होता, रात्र पुसली गेली होती. त्या तीन आठवड्यांत तिने मुलाला एक शिस्त लावली: काढायची ती प्रत्येक ओळ आधी समजून घ्यायची, आणि ठेवायची तिच्या शेजारी कारण लिहायचं.

तरी एक निसटलीच. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात धर्मकांट्यावरच्या मुलाचा फोन आला. "दीदी, परची म अंगरेजी काबर आगे?" परचीवर इंग्रजी का आलं?

परची म्हणजे हातभर लांबीचा कागद. वर मिलचं नाव, खाली गाडीनंबर, कट्टे, वजन आणि तारीख. तारीख आजवर अशी छापली जायची: '१४ नवम्बर'. देवनागरी आकडे, हिंदी महिना. आता तिथे इंग्रजी अक्षरांत नोव्हेंबर आणि इंग्रजी आकडे. संगणकाच्या दृष्टीने काहीही बिघडलं नव्हतं. एकही चूक नोंदली गेली नव्हती, वजन बरोबर, नंबर बरोबर. पण हमालांचा मेट ही परची आपल्या टोळीच्या हजेरीसाठी घडी करून खिशात ठेवतो आणि आठवड्याच्या शेवटी त्यावरून कुणी किती दिवस कट्टे उचलले ते मांडतो. त्याला देवनागरी वाचता येतं, इंग्रजी येत नाही.

कारण सापडायला तिला रात्रीचे दोन वाजले. तारखा मांडण्यासाठी तिने मोमेंट ही जुनी लायब्ररी वापरली होती. मोमेंटला 'हिंदी' म्हटलं की ती ऐन वेळी आपल्या फोल्डरमधून हिंदीची फाइल नावाने मागवते. वेबपॅक ही सवय ओळखून होतं. नाव शेवटच्या क्षणी ठरणार असेल तर त्या फोल्डरमधल्या सगळ्या भाषांच्या फाइली ते आधीच गठ्ठ्यात भरून ठेवायचं. गठ्ठा त्यामुळे फुगायचा, आणि वेबपॅकच्या नावाने बोटं मोडणारे बहुतेक याच फुगण्यावर बोट ठेवायचे. वीट असं काही अंदाजाने भरत नाही. स्पष्ट मागा, मिळेल. हिंदीची फाइल स्पष्ट मागितलेली नव्हती. मोमेंटने ती शोधली, मिळाली नाही, आणि मुकाट्याने इंग्रजीवर आली. तपासणीच्या साइटवर भाषा इंग्रजीच ठेवलेली, त्यामुळे पावसाळाभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक ओळ लिहायची होती. ती लिहिली, शेजारी कारण लिहिलं. पण त्या रात्री जुन्या हत्याराबद्दल तिच्या मनात जो कडवटपणा साठला होता तो ओसरला. जडशीळ, संथ, डोळ्यांत पाणी आणणारं वेबपॅक इतकी वर्षं न सांगता मेटाच्या खिशातली तारीख सांभाळत होतं. राखण करत होतं. अगोरा या शब्दाची दुसरी बाजू तिला त्या रात्री कळली.

कॉपर्स स्वतः २०२१ पासून व्हर्सेल कंपनीत आहेत आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथून टर्बोपॅक जाहीर झालं, रस्ट भाषेत लिहिलेलं. आपणच बांधलेल्या, जगभर रुजलेल्या वाड्याच्या शेजारी त्याच माणसाने नव्याने पाया खणायला घेणं, याला मोठं मन लागतं. बाकी जगही त्याच दिशेने निघालं आहे. बाइटडान्सचं आरएसपॅक २०२३ पासून वेबपॅकचीच बोली रस्टमधून बोलतं. रिअॅक्ट शिकणाऱ्या कित्येकांची पहिली पायरी असलेलं क्रिएट रिअॅक्ट अॅप १४ फेब्रुवारी २०२५ ला अधिकृतपणे निवृत्त झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अँडर्स हेल्सबर्ग यांनी जावास्क्रिप्टवर बेतलेल्या टाइपस्क्रिप्ट भाषेचा कंपायलर गो भाषेत नेत असल्याचं सांगितलं, आणि व्हीएस कोड या संपादकाचा सुमारे १५ लाख ओळींचा कोड तपासायला लागणारा वेळ ७७.८ सेकंदांवरून ७.५ वर आल्याचं दाखवलं. जावास्क्रिप्टची हत्यारं जावास्क्रिप्टमध्ये लिहिण्याचा काळ मावळतो आहे. याची एक किंमत आहे आणि तिला ती जाणवते. पूर्वी हत्यार बिघडलं तर ती स्वतः त्याच्या पोटात शिरून बघू शकायची, भाषा तिचीच होती. आता पोट उघडलं तर आत रस्ट. ते शिकायचं ठरवून तिने पुस्तक आणलंय. दुर्गचा मुलगा तिच्यापुढे दोन प्रकरणं आहे.

मुनीमजींची यादी मात्र परचीच्या त्या घोळानंतर पुढच्याच महिन्यात ड्रॉवरमधून बाहेर आली होती. अक्षर मोठं करायला बसली तर आकडा बदलल्या क्षणी पडदा बदलत होता. वीस, बावीस, अठ्ठावीस असं करून बघता येत होतं, जसं गाठ मारताना सैल-घट्ट करून बघावं. पूर्वी तिने एक आकडा अंदाजाने टाकून 'चालेल' म्हटलं असतं. एंटरची सोय त्याच दुपारी झाली. नमीचा लाल रंग तिने तीन छटांत करून मुनीमजींना फोनवर दाखवला आणि त्यांनी सगळ्यांत गडद निवडला, कारण धर्मकांट्याच्या खोलीत दुपारी समोरून ऊन येतं. खोलीत ऊन येतं हे तिला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

यादीतली शेवटची ओळ गाडीनंबरची होती. ती मात्र एका संध्याकाळी झाली, ट्रक काट्यावर उभा असताना. नंबर लिहिताना मुलाने मधली जागा सोडली नाही आणि पडदा अडून बसला. त्याने फोन लावला. मागे ड्रायव्हरचा आवाज, भोंगा. ती गच्चीवर आजीजवळ होती, लॅपटॉप मांडीवर. "दू मिनट अगोर," ती म्हणाली आणि फोन स्पीकरवर ठेवला. तपासायचा नियम बदलला, दोन-चार नंबर घालून पाहिले, गठ्ठा बांधायला दिला, तो वर चढला. आजी शेंगा सोलत होती, तिने मध्ये एक शब्द विचारला नाही. "अब देख." पलीकडे कळफलकाचा आवाज, मग छपाईयंत्राची घरघर. कागद फाडल्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग ट्रक सुरू झाल्याचा.